दोन पट्ट्यांच्या मधला सूर

त्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की आमच्या घरात एक जण हातातलं काम थांबवतं आणि हलकंच हसतं, आणि ते हसू मला खपत नाही. नेकनूरकडची माणसं त्याला आबा म्हणतात, तेवढं पुरे आहे. घर बागायतदाराचं, थोरला भाऊ राजकारणात मुरलेला, आणि हा धाकटा गिटार वाजवणारा. आमच्या भागात पन्नाशी उलटलेला माणूस गिटार वाजवतो म्हटलं की लोक आधी त्याच्या घरच्यांची चौकशी करतात. त्यात हा वैशाखातसुद्धा कानटोपी घालून वाजवायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "कान उघडा राह्यला की आवाजाचा वरचा भाग आधी घुसतो, मास्तर. मला खालचा पाहिजे."

मास्तर म्हणजे मी. बीडला एका शाळेत संगीत शिकवतो आणि कीबोर्ड वाजवतो. बढाई मारत नाही, पण जयंती असो, गणपती असो, कुणाच्या साठीचा सत्कार असो, स्टेजच्या डाव्या बाजूला माझा कीबोर्ड आणि मधे माइकसमोर माझी बायको, हे ठरलेलं. ती चांगली गाते. तिला मी काळी पाचमध्ये बसवली होती. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पट्टी म्हणजे सा धरायची जागा, आणि काळी पाच म्हणजे बरीच वरची. तिथं बाईचा आवाज चमकतो, शेवटच्या रांगेपर्यंत जातो, टाळी येते. लग्नानंतर सुरुवातीला ती म्हणायची, "थोडं खाली घ्या ना." मी म्हणायचो, "खाली घेतलं की गाणं बसतं." पुढं तिनं म्हणणं सोडलं. मला वाटलं, पटलं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं आणि केजच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकानं नाटक लिहिलं. लिहावं, कोण नाही म्हणतं? पण यानं संगीत नाटक लिहिलं, तेही ऊसतोड करणाऱ्या बाईवर. टोळीबरोबर कारखान्यावर गेलेली, फडात राबणारी, उसाच्या वाळल्या पाचटावर पोर निजवणारी बाई. ती भूमिका माझ्या बायकोची, संगीत माझं. राज्यभरच्या स्पर्धेत जायचं होतं. मी चाली बांधून तयार होतो, आणि प्राध्यापक म्हणाला, "सर, मला यात सोल पाहिजे."

मी म्हटलं, "भाव घालू की भरपूर."

"तसं नाही सर. सोल म्हणून गाण्याचा एक प्रकार आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा. चर्चमधून आलेला. ती माणसं कापसाच्या शेतात राबत गात आली, आपली उसाच्या फडात. साठ-सत्तर सालातल्या त्या गाण्यांत गिटारचा एक आवाज असतो..." आणि त्यानं तोंडानं टिक, टिक करून दाखवलं.

मी कीबोर्डवर गिटारचं बटण दाबलं आणि वाजवून दाखवलं. प्राध्यापक सज्जन माणूस, त्यानं मान हलवली. पण पुढच्या रविवारी तालमीला तो आबाला घेऊन आला.

तालीम एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये असायची. रविवारी दुपारी वर्ग नसायचे, फळ्यावर फिजिक्सची सूत्रं तशीच. आबा एसटीनं आला. गिटार गोधडीत गुंडाळलेली. ती त्यानं गाडीत खिडकीजवळच्या सीटवर बसवली होती आणि स्वतः दांड्याला धरून उभा होता, म्हणून कंडक्टरशी भांडून आला होता. आल्यावर राम राम नाही, नमस्कार नाही. हॉलच्या चारी कोपऱ्यांत जाऊन त्यानं एकेक टाळी वाजवली. मग फळ्यासमोर उभं राहून म्हणाला, "इथं आवाज पातळ हाय. बाकडी हलवा." आणि सगळ्या नटमंडळींनी निमूटपणे बाकडी हलवली! मी इतकी वर्षं तिथं तालमी घेतोय, माझ्या सांगण्यावरून कुणी पंखा बंद केला नाही.

टाळीची ही खोड त्याला कुठंही सुटायची नाही. एकदा प्राध्यापकाच्या चुलत्याकडं मयतीनंतर भेटायला आम्ही सगळे गेलतो. बाया रडत होत्या. यानं दारातच एक टाळी वाजवली आणि म्हणाला, "इथं आवाज गोल हाय." मी मागून त्याचा सदरा ओढला. त्या घरातला म्हातारा मात्र डोळे पुसत म्हणाला, "हां आबा, आमचा गेलेला थोरला इथं भजन करायचा तवा लई घुमायचं." झालं! आबा मांडी घालून त्याच्याजवळ बसला. आम्ही चहा पिऊन उठलो तरी तो काही उठला नाही. असं काही मी केलं असतं तर जोड्यानं मारलं असतं मला.

आता तो आवाज कसा करायचा ते सांगतो, कारण ते मला कुणापेक्षाही जास्त माहीत आहे. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

त्याच्याकडं जमिनीवर ठेवायचा एक डिजिटल डबा होता. पायानं दाबायची बटणं, वर गोल फिरवायच्या खुंट्या. गिटारची वायर त्यात जायची आणि त्यातून निघून हॉलच्या स्पीकरला. जुन्या काळचे दिव्यांचे, म्हणजे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर, त्यातल्या स्प्रिंगा, त्यांचा थरथराट, हे सगळं त्या डब्यात हिशेब करून बसवलेलं असतं. ते ॲम्प्लिफायर आबानं जन्मात पाहिले नव्हते. डब्याच्या पडद्यावर इंग्रजीत नावं यायची. ती न वाचता यानं प्रत्येक बटणाजवळ दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून वर बॉलपेननं आपली नावं लिहिली होती. 'ओलं पोतं'. 'टिनाचं शेड'. 'बैल थकला'. आणि एक 'मामी'. त्याची हैदराबादची मामी म्हणे परपुरुष घरात आला की पडद्याआडून बोलायची, दिसायची कधीच नाही, पण घरात चालायचं तिचंच. तसा आवाज.

गिटारच्या तारा जाड, आणि कैक वर्षं न बदललेल्या. मी म्हटलं, "आबा, गंजल्यात की. नव्या टाका."

"नवी तार लई बोलती, मास्तर. मला कमी बोलणारी पाहिजे."

तारांखाली, जिथं त्या बुडाला अडकवलेल्या असतात तिथं, त्यानं स्पंजचा तुकडा खुपसला होता. आवाज निघाला की लगेच मरावा म्हणून. तो स्पंज त्यानं भावाच्या संपर्क कार्यालयातल्या सोफ्यातून कापून आणला होता. कामं घेऊन आलेली माणसं त्या जागी बसली की एकदम खाली जायची आणि भावाकडं वर बघत बोलायची. भावाला वाटायचं, लोक आदरानं वाकून बसतात.

एवढं करून हा वाजवायचा काय? दोन सूर. फार तर तीन. ठेक्याच्या उलट्या बाजूला एक टिक, मग गप. गाणारी थांबली की मधल्या फटीत दोन सूर, आणि परत गप. त्या एका टिकसाठी खुंटी केसभर इकडं, केसभर तिकडं, एका रविवारची सगळी दुपार त्यानं खाल्ली. नटमंडळी बाकड्यांवर झोपली. शेवटी डोळे मिटून म्हणाला, "हां, शिजला." आणि खरंच... मला सांगायचं नाही, पण सांगतो. शिजला होता. आवाज पुढं येत नव्हता, मागं थांबून वाट बघत होता. कीबोर्डच्या आठशे आवाजांत मी तो शोधत बसलो. नाही सापडला.

पण एक भानगड होती, आणि ती मला पहिल्याच दिवशी कळली. त्याची गिटार सुरात नव्हती. म्हणजे आपल्या-आपल्यात सुरात होती, पण जगाशी नव्हती. माझ्या काळी पाचपासून चांगली दीड पट्टी खाली. काळी चारही नाही आणि पांढरी सहाही नाही, दोघींच्या मधे, जिथं पेटीला पट्टीच नाही अशा जागी. मी म्हटलं, "आबा, मोबाईलवर ट्यूनर असतो. लावा की."

"ट्यूनर दुसऱ्याच्या कानानं ऐकतो."

"मग मी वाजवू कसं?"

"तुमी खाली या की, मास्तर."

 प्राध्यापक हात जोडून उभा. शेवटी मी कीबोर्डच्या आत शिरून, कधी न उघडलेल्या मेनूत जाऊन, सगळा कीबोर्ड दीड पट्टी खाली ओढला. दर रविवारी ओढायचो आणि तालीम झाली की वर करायचो. दर वेळी मनात शिवी यायची.

त्या पहिल्याच दिवशी बायको त्या गिटारबरोबर गायली. फडातलं गाणं. "दिस बुडाला, फड सरंना, पाचटावर निजलं बाळ." चाल माझी, शब्द प्राध्यापकाचे. आबा भिंतीकडं तोंड करून बसला होता. त्याची एक टिक आली, आणि बायको गायला लागली.

मी माझ्या बायकोचा आवाज ओळखला नाही. खरं सांगतो. ती खाली आली आणि पसरली. वर चढताना तिच्या गळ्याला जो एक काच पडायचा, मला वाटायचं तोच तिचा गोडवा, तो नव्हताच. कुणाला ऐकवायचं म्हणून ती गात नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या स्कूटरवर, माझ्या कीबोर्डपुढं ही बाई आहे, आणि हा आवाज तिनं मला दाखवला नव्हता! गाणं संपल्यावर नाटकात मुकादमाचं काम करणारा गडी डोळे पुसत म्हणाला, "वैनी, कुठं ठिवलं होतं बे हे?" वहिनीला बे म्हणून गेला तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

मी जळलो. आडपडदा कशाला? पायापासून जळलो. लोकांना पुढं काय काय वाटलं असेल ते वाटो, तसलं काही नव्हतं. आबा तिच्याकडं बघायचासुद्धा नाही. "वैनी, पाणी पिलं का?" एवढंच विचारायचा, तेही भिंतीकडं तोंड करून. तसा संशय आला असता तर बरं झालं असतं, त्यावरून भांडण तरी करता येतं. हा माझ्या घरातून काय घेऊन चाललाय ते पोलिसांत जाऊन सांगता येण्यासारखं नव्हतं.

घरी येताना तिला विचारलं, "कसं वाटलं?"

ती म्हणाली, "तिथं घसा लागत नाही."

स्पर्धा जवळ आली तेव्हा आबानं एकदा आम्हा दोघांना शेतावर जेवायला बोलावलं. मला जायचं नव्हतं. बायकोनं साडी काढून ठेवली होती. गेलो. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, सगळं उत्तम, त्यालाही नाव ठेवायला जागा नाही. जेवण झाल्यावर म्हणाला, "चला मास्तर, माझा गुरू दाखवतो."

गोठ्याच्या बाजूला एक जुनी जीप उभी होती. भावाच्या प्रचाराची. टपावर कर्ण्याचा स्टँड अजून होता. आबानं माझ्यासाठी दार उघडलं, स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि गाडीतल्या टेपमध्ये एक कॅसेट सारली. तो पोरगेला असताना मामानं हैदराबादहून भरून पाठवलेली. वर नाव नाही, कव्हर नाही. कोण गातंय, कुठलं गाणं, काही पत्ता नाही. घरात टेप नव्हता, म्हणून हा जीपमध्ये बसून ऐकायचा. तेव्हापासून आजपर्यंत तिथंच. "एक खराब झाली की दुसरी उतरवतो, पण ऐकतो हितंच," म्हणाला.

कुणी बाई गात होती. मागं तीच टिक. हुबेहूब. डोळे मिटले असते तर आमच्या कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये असल्यासारखं वाटलं असतं. आबा स्टिअरिंगवर हात ठेवून कुठं तरी लांबच्या रस्त्याला लागल्यासारखा बसला होता. मागच्या सीटवर बायको मान हलवत होती.

मी सहज म्हटलं, "प्रचारालाही हाच टेप का?"

"हाच. पण भाऊ लई वैतागायचा. गाणी लावली की म्हणायचा, आपला प्रचार हाय का दहावा हाय? त्याचं भाषण लावलं तर म्हाताऱ्याचं वाटायचं. लोक म्हणले, पुढारी आजारी दिसतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टेपची मोटर मंद होती! सगळंच हळू फिरायचं, म्हणून सगळंच खाली उतरायचं. याचा तो दीड पट्टी खालचा सूर, तो भिजलेला, थकलेला आवाज, ज्यासाठी यानं जन्म घालवला, तो अमेरिकेतल्या कुणाचा नव्हताच. तो नेकनूरच्या जीपचा होता. मी जागेवर उडी मारली असती. तोंड बंद ठेवलं, मोबाईल काढला, आणि वाजणारं गाणं ओळखून देतो ते ॲप चालू केलं. पहिल्यांदा ओळखलं नाही त्यानं. दुसऱ्यांदाही नाही. ओळखणार कसं? पण दोन शब्द माझ्या कानाला लागले होते. घरी येऊन ते टाकून शोधत बसलो, आणि सापडलं.

पुढच्या रविवारी सगळे जमल्यावर मी म्हणालो, "जरा एक मिनिट." मोबाईल स्पीकरला जोडला आणि खरं गाणं लावलं.

तीच बाई, तेच शब्द, पण तरुण. चपळ. टिक कशी चकचकीत, काचेसारखी. आणि सा कुठं? काळी पाच! माझी काळी पाच. मी कीबोर्डवर सा दाबून दाखवला. मग आबाला गिटार छेडायला लावली. फरक आंधळ्यालाही दिसला असता.

"आबांचा टेप मंद होता," मी म्हणालो. "ही गिटार चुकीची आहे. स्पर्धेत परीक्षक शहरातून येणार, जाणकार येणार. आपण सगळं नाटक एका बिघडलेल्या मोटरच्या सुरात करणार आहोत का?"

 मला वाटलं, आता आबा चिडेल, गिटार गोधडीत गुंडाळून निघून जाईल. त्यानं कानटोपी नीट केली, डोळे मिटले आणि ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाला, "घाईत हायेत बिचारे."

एवढंच! सगळे हसले. मीच एकटा उभा राहिलो.

पण प्राध्यापक घाबरला होता. परीक्षकांचं नाव काढल्यावर कुठला दिग्दर्शक घाबरत नाही? तो म्हणाला, "आबा, सर म्हणतात ते बरोबर आहे. आपण मूळ सुरात जाऊ."

आबा हुज्जत घालायला गेला नाही. "तारा न्हाई चढवणार," म्हणाला. "म्हाताऱ्या हायेत, तुटतील. डब्यातून चढवतो." त्यानं बसून एक बटण दाबलं, खुंटी फिरवली, आणि डब्यानं त्याचा सूर उचलून माझ्या काळी पाचवर आणून ठेवला. हातानं वाजतंय खाली, स्पीकरमधून येतंय वर. त्या बटणाजवळ नवी पट्टी लावून त्यानं लिहिलं, 'मास्तर'.

बायको त्या दिवशी काळी पाचमध्ये गायली. चुकली कुठंच नाही. येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "तुम्हाला एवढं काहून लागलं ते?"

मी म्हणालो, "खरं ते खरं."

मी आजही तेच म्हणतो. मी खोटं काही केलं नाही. सूर त्याचाच चुकला होता.

स्पर्धेच्या दिवशी बीडच्या नाट्यगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नेकनूरहून आबाचा भाऊ माणसं घेऊन आलता. वादक आम्ही विंगेत, प्रेक्षकांना अर्धे दिसू असे. पहिला अंक बरा झाला. बरा म्हणजे कुणी उठून गेलं नाही. दुसऱ्या अंकात फडातलं गाणं आलं. निळा उजेड, मधे पाचटाचा ढीग, त्यावर चिंध्यांचं बाळ, शेजारी बायको. मी सुरावट धरली. आबानं 'मास्तर'वर पाय ठेवून त्याचे दोन सूर वाजवले. आता तिनं उचलायचं.

तिनं उचललं नाही.

मला वाटलं विसरली. मी सुरावट परत वाजवली. आबानं परत दोन सूर टाकले. ती बाळाकडं बघत बसली होती. प्रेक्षकांत कुणी तरी खाकरलं. मग तिनं मान वर केली आणि गायला लागली. एकटी, कुणाच्या आधाराशिवाय, आणि खाली. दीड पट्टी खाली. जिथं पेटीला पट्टी नाही नेमक्या त्या जागी, केसभर इकडं नाही, केसभर तिकडं नाही. इतक्या रविवारांनी ती जागा तिच्या हाडांत बसली होती.

आबानं माझ्याकडं पाहिलं नाही. पायानं 'मास्तर' बंद केलं. गिटार आपोआप खाली उतरली आणि तिच्या आवाजाखाली जाऊन बसली.

मी वर राहिलो. माझी बोटं काळी पाचवर, आणि वाजवलं असतं तर सगळा सत्यानाश. मेनूत जाऊन कीबोर्ड खाली ओढता आला असता, मला ते डोळे मिटून येत होतं. पण त्या माणसाच्या मागोमाग, भर प्रयोगात, माझ्याच चालीसाठी? नाही ओढला. मी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

मग राहिलं काय? तिचा आवाज आणि ती टिक. मधे नुसती मोकळी जागा. दुसऱ्या कडव्याला प्रेक्षकांतल्या बाया रडायला लागल्या. त्यांतल्या कितीकजणी फडावर जाऊन आलेल्या. हमसून नाही, तोंडात पदर धरून. शेवटची ओळ ती अजून खाली घेऊन गेली, चालीत नव्हती तिथं, आणि आबा तिथंही तिच्या आधी पोचून वाट बघत बसला होता. मी माझ्या बायकोपासून चार पावलांच्या अंतरावर होतो आणि त्या गाण्यात मी कुठं म्हणजे कुठंच नव्हतो.

निकाल लागला. नाटकाला दुसरा नंबर. बायकोला अभिनयाचं बक्षीस. आणि संगीत दिग्दर्शनाचं पहिलं मला! मुख्य परीक्षक माइकवरून म्हणाले, "फडाच्या गाण्यात संगीत दिग्दर्शकांनी स्वतःचा कीबोर्ड पूर्ण थांबवला आणि गायिकेला गिटारवर एकटं सोडलं. अशी जागा सोडायला मोठं मन लागतं." टाळ्या. मी वर गेलो, ट्रॉफी घेतली, वाकून नमस्कार केला. समोर पहिल्या रांगेत कानटोपी घातलेला माणूस उभा राहून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मी त्याच्या तोंडाकडं बारकाईनं बघितलं. टोमणा असता तर मला सुखाची झोप लागली असती. टोमणा नव्हता. तो मनापासून वाजवत होता.

त्यानंतर आबानं गिटार सोडली. एके दिवशी दुपारी तो आमच्या घरी आला, डबा गोधडीत गुंडाळून. "घ्या मास्तर, तुमच्या कामाचा हाय. माझं ऐकून झालं." आता म्हणे नव्या तारांच्या कुंपणावर वारा कसा वाजतो ते ऐकत बांधावर बसतो. भाऊ कुणाला सांगत नाही. बायकोनं चहा केला. तो पिला, दारात एक टाळी वाजवली, काहीच बोलला नाही आणि गेला.

डब्याच्या पट्ट्या मी उपटल्या नाहीत. गिटार विकत घेतली, जाड तारा घेतल्या, स्पंज खुपसला, सगळ्या खुंट्या होत्या तिथं ठेवल्या. टिक येते. शिजत नाही. सहा महिने बसलो. मग ते कपाटावर टाकलं.

कार्यक्रम चालू आहेत. बायको माझ्याबरोबर गाते, काळी पाचमध्ये, लोक टाळ्या वाजवतात. तिनं कधी कुरकुर केली नाही, आबाचं नाव स्वतःहून काढलं नाही. तेच जास्त लागतं.

मागच्या रविवारी घरात दोघंच होतो. मी कीबोर्ड काढला, त्या मेनूत शिरलो आणि सगळा दीड पट्टी खाली ओढला. बरोबर तिथं, केसाचाही फरक नाही. म्हटलं, "ये, फडाचं गाणं म्हण." तिनं माझ्याकडं पाहिलं. पदराला हात पुसले, समोर येऊन बसली आणि गायली. सगळं गायली, शेवटच्या ओळीपर्यंत. मी जीव तोडून वाजवलं. जिथं थांबायचं तिथं थांबलो, जिथं जागा सोडायची तिथं सोडली.

संपल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. फार मायेनं ठेवला.

"बरोबर झालं," ती म्हणाली. "एकदम बरोबर." आणि कुकर लावायला उठली.